थेंबाचा नियम

रविवारची दुपार. मेहकरात बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जनरल स्टोअरची पायरी पाच-सहा पोरांनी अडवली आहे. दाराशी शाम्पूच्या पुड्यांशेजारी पोकेमॉनच्या पाकिटांची माळ लटकते. गिऱ्हाईक आलं की पोरं गुडघे आखडतात, गेलं की पुन्हा ऐसपैस होतात.

एक जण दातानं पाकीट फाडतो. आतली सोनेरी प्लॅस्टिकची कार्डं उन्हात डोळे दिपवतात. अर्थात ही नक्कल. अस्सल कार्डं ऑक्टोबर १९९६ मध्ये जपानात आली, ती कागदी. त्या खेळाला ६० कार्डांचा गठ्ठा लागतो. सुरुवातीला ७ हातात घ्यायची, ६ बक्षिसाची म्हणून बाजूला ठेवायची. या पायरीवर त्यातलं काहीच चालत नाही. दोघांनी एकदम कार्ड टाकायचं, ज्याचा एचपी, म्हणजे मार सोसण्याच्या ताकदीचा वर छापलेला आकडा, जास्त त्यानं दोन्ही उचलायची. आमची पिढी पैलवानांची कार्डं अशीच खेळायची.

"टाक बे!"

निळ्या बनियनवाल्याचा चॅरिझार्ड पडतो : ३३०. दोन वेण्यांवाल्या पोरीचा लाप्रास : ३२०. दहानं गेली. तो हात घालतो, तशी ती त्याचं मनगट धरते.

"थांब. हे खाली काय हाये?"

कार्डाच्या तळाशी नखात मावेल एवढा पाण्याचा थेंब, त्यापुढे गुणिले दोन.

"असंच असते ते. डिझाइन."

"डिझाइन नाही. याले पाण्याचा मार डबल लागते. अन् माह्यं पाण्याचंच हाये."

पोरगी बरोबर बोलतेय. खरा खेळ त्या थेंबापाशीच सुरू होतो. पहिल्या संचातल्या चॅरिझार्डचा एचपी होता १२०. चार अग्निऊर्जा जोडल्याशिवाय त्याला १०० चा मारा करता येत नसे. केला की दोन ऊर्जा खर्ची पडत, आणि समोर पाणी आलं की दुप्पट मार खावा लागे. बलाढ्याला कुठे गाठायचं ते त्याच्याच कार्डावर छापलेलं. इथं मात्र सगळ्यांची नजर वरच्या आकड्यावर, म्हणून पाकिटं ज्याच्याकडे जास्त त्याचीच सरशी.

पंचायत बसते. सगळे आपापली कार्डं डोळ्यांजवळ नेऊन तळ तपासतात. कुणाला वीज सापडते, कुणाला मूठ. निकाल लागतो : थेंबाचा नियम मंजूर, पण पुढच्या डावापासून. लाप्रास जातो तो जातोच. पोरगी नाक फुगवते, पण नियम आपल्यामुळे आला याचा रुबाब तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

कडेला बसलेल्या बारक्याकडे एकही कार्ड नाही. तो वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून पेनानं राक्षस काढतोय. मेघंकर! शारंगधरानं, म्हणजे धनुष्य धारण करणाऱ्या बालाजीनं, मेघंकराला मारल्याची कथा मेहकरात घरोघर सांगतात, आणि त्या शारंगधराची १८८८ मध्ये सापडलेली मूर्ती इथल्याच देवळात उभी आहे.

"एचपी किती लिहू?"

"हजार!" चौघं एकदम ओरडतात.

"अन् खाली?"

"खाली धनुष्य काढ," वेण्यांवाली सांगते. "गुणिले दोन."

"मंग बालाजीचं बी कार्ड काढतो."

"नको ना बे. त्याच्या खाली काय काढशील? मंग त्याच्यासंगं खेळंन कोण?"