परसबागेतली काकडी कडू का होते?

काकडी कडू निघाली की दोष बियाण्याला दिला जातो. पण धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या अवर्षणप्रवण भागात खरे कारण बहुतेकदा पाण्यात पडणारा खंड असतो. वेलाला ताण बसला की फळात ‘कुकुरबिटॅसिन’ हे कडू द्रव्य वाढते.

काय कराल? जून-जुलैत आळ्यात शेणखत मिसळून 2-3 बिया इंचभर खोल टोका. बुडाशी पालापाचोळा पसरा. पाणी थोडे, पण नियमित द्या.

फुले गळतात? सुरुवातीची फुले बहुतेक नर असतात, ती गळणारच. देठाशी इवली काकडी दिसते, ते मादी फूल. सकाळी मधमाश्या येतात, तेव्हा फवारणी टाळा.

साधारण दीड महिन्यात कोवळी फळे तोडा. फारच कडू काकडी मात्र खाऊ नका. पोटदुखी, उलट्या होऊ शकतात.