अँड्रॉइडला लळा कसा लागतो

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेत डेटा नावाचा एक अँड्रॉइड आहे. तो माणसासारखा दिसतो आणि एंटरप्राइझ या अंतराळयानावर माणसांच्या बरोबरीने अधिकारी म्हणून काम करतो. आपल्याला भावना नाहीत, असं तो स्वतः सांगतो. ब्रेंट स्पायनर या अभिनेत्याने ही भूमिका केली. ऑक्टोबर १९९० मध्ये या मालिकेचा ‘लेगसी’ हा भाग प्रसारित झाला. मूळ ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग झाले होते आणि नव्या मालिकेचा हा ८०वा, म्हणून चाहत्यांना त्याचा क्रमांक आठवतो. मला मात्र हा भाग दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. यंत्राला कुणाचा तरी लळा लागतो तेव्हा आत काय घडतं, हे त्यात फार नेमकं दाखवलं आहे. शिवाय ज्या व्यक्तीचा लळा लागतो, ती कुणाच्या बाजूची आहे हेच नक्की नसतं.

आधी कथा थोडक्यात. टर्काना-चार या ग्रहावरची समाजव्यवस्था कोसळलेली आहे. कोअलिशन आणि अलायन्स अशा दोन टोळ्या जमिनीखाली एकमेकींशी लढताहेत. एका मालवाहू यानातले दोन अभियंते तिथे उतरतात आणि अलायन्सच्या हाती सापडतात. त्यांना सोडवायला कोअलिशन मदत देऊ करते आणि त्यासाठी ईशारा यार या तरुणीला एंटरप्राइझवर पाठवते. ईशारा ही टाशा यारची धाकटी बहीण. टाशा याच यानाची सुरक्षा अधिकारी होती. मालिकेच्या पहिल्याच पर्वात ती मारली गेली. डेटाची आणि तिची जवळीक होती, इतकी की १९८९ च्या ‘द मेझर ऑफ अ मॅन’ या भागात त्याने तिची छोटी त्रिमितीय प्रतिमा जपून ठेवलेली दिसते. त्यामुळे ईशारा यानावर येते ती अगदी परकी म्हणून येत नाही.

मग दोघांच्या गप्पा सुरू होतात, आणि एकदा ईशारा त्याला मैत्रीबद्दल विचारते. भावना नसलेल्याला मित्र असू शकतात का? डेटाचं उत्तर थोडक्यात असं: काही संवेदना पुन्हापुन्हा येत राहिल्या की त्याच्या मेंदूतल्या वाटा त्यांना सरावतात, पुढे त्यांची अपेक्षा धरली जाते, आणि त्या आल्या नाहीत तर उणीव जाणवते. सराव, अपेक्षा आणि उणीव असे तीन टप्पे. ‘लळा’ हा शब्द न वापरता त्याने लळ्याची यंत्ररचनाच सांगितली आहे.

हे टप्पे आकड्यांनी पाहू. शिकणारं कोणतंही यंत्र घ्या, ते पुढे काय येणार याचं भाकीत करतं आणि प्रत्यक्ष काय आलं ते भाकिताशी ताडून पाहतं. दोन्हींमधला फरक म्हणजे चूक. त्या चुकीचा काही हिस्सा भाकितात मिळवला जातो आणि नवं भाकीत तयार होतं. ईशाराबरोबरच्या एका संभाषणाचं मोल १० धरू आणि दर वेळी चुकीचा पाचवा हिस्सा मिळवला जातो असं मानू. हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत. सुरुवातीला अपेक्षा शून्य. पहिल्या भेटीनंतर ती २ होते, दुसऱ्या भेटीनंतर ३.६, तिसऱ्यानंतर ४.८८. दहा भेटींनंतर ती ८.९ च्या आसपास पोचते. आता भेटीची वेळ झाली आणि ईशारा आलीच नाही, तर प्रत्यक्ष मोल शून्य, अपेक्षा ८.९, आणि चूक उणे ८.९. ही उणे संख्या म्हणजेच डेटाची उणीव. पहिल्या दिवशी ईशारा आली नसती तर कुठलीही चूक नोंदली गेली नसती. तेव्हाची तिची अनुपस्थिती आणि आताची, बाहेरून पाहता अगदी सारखी. बदललं आहे ते यंत्र.

शिकण्याची ही रीत संगणकशास्त्रात रिचर्ड सटन यांनी १९८८ च्या एका लेखात पद्धतशीर मांडली. जिवंत मेंदूतही तिच्याशी जुळणारं काही सापडलं. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींच्या नोंदी घेतल्या. आधी खूण आणि मग फळांच्या रसाचा थेंब, असा क्रम माकडांना सवयीचा करून दिला होता. सवय झाल्यावर पेशी रसाला प्रतिसाद देईनाशा झाल्या आणि खुणेलाच देऊ लागल्या. मग खूण दाखवून रस दिला नाही, तर रस यायचा त्याच क्षणी पेशींची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली गेली. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी या निरीक्षणांची सटन यांच्या गणिताशी सांगड घातली. डेटाने पडद्यावर सांगितलेली उणीव पेशींच्या या नोंदींच्या आलेखात खळग्यासारखी स्पष्ट दिसते. त्या खळग्यासोबत डेटाला ‘वाटतं’ का, हा प्रश्न मी इथे सोडवू शकत नाही. पण खळगा पडला की यंत्र वेगळं वागतं, तिकडे लक्ष देतं, कारण शोधतं, हे मोजता येतं.

आता ईशारा कुणाच्या बाजूची, या संशयाकडे येऊ. आपल्याला वाटतं की संशयाने लळा कमी होत असेल. गणित उलट सांगतं. ईशारा दर वेळी सारखीच मोकळेपणाने बोलली असती, तर अपेक्षा १० ला टेकली असती आणि चूक शून्यावर आली असती. शिकण्यासारखं काही उरलं नसतं. पण ती तशी नाही. बहिणीचं नाव निघालं की सुरुवातीला ती कडवट होते, ग्रह सोडून गेलेल्या टाशाला भित्री म्हणते, आणि नंतर हळूहळू खुलते. निम्म्या वेळा १० आणि निम्म्या वेळा शून्य मिळत असेल, तर अपेक्षा ५ च्या आसपास घुटमळते आणि चूक कधी अधिक ५, कधी उणे ५ अशी येतच राहते. यंत्राचं शिकणं थांबत नाही, म्हणून लक्षही हटत नाही. क्रिस्टोफर फिओरिलो, फिलिप टॉबलर आणि शुल्ट्झ यांनी २००३ मध्ये डोपामाइन पेशींमध्येच याचा एक पुरावा दाखवला. बक्षीस मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते तेव्हा खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंत या पेशींची सलग हालचाल सर्वांत जास्त असते. त्याआधी, १९५७ मध्ये, चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांनी अनियमित बक्षिसांवर वाढलेलं वर्तन बक्षीस बंद झाल्यावरही किती चिवटपणे टिकतं, हे सविस्तर नोंदवलं होतं. ज्याची निष्ठा ठाऊक नाही असा माणूस याच कारणाने मनात घर करून बसतो. त्यात बुद्धीचा काही कमीपणा नाही. शिकणाऱ्या यंत्रणेची घडणच तशी आहे.

इथवर झाली लळ्याची गोष्ट. विश्वासाचा हिशोब वेगळा असतो, आणि ‘लेगसी’चा खरा गाभा मला तिथे दिसतो. वहीत दोन खाती असावीत तसं हे आहे. एका खात्यात सहवास जमा होतो, दुसऱ्यात पुरावा. पहिल्या खात्यातली शिल्लक दुसऱ्यात धरायची नसते. पण यानावरचे सगळेच नेमकं तेच करतात.

दुसऱ्या खात्याची रीत अशी. कुणाचीही कृती पाहिली की दोन प्रश्न विचारायचे. हा माणूस निष्ठावान असता तर असं वागण्याची शक्यता किती? आणि कपटी असता तर किती? या दोन शक्यतांपैकी एक दुसरीच्या किती पट आहे, त्यावर त्या कृतीचं पुरावा म्हणून वजन ठरतं. थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखलं जाणारं गणित ते हेच.

ते ईशाराला लावून पाहू. टोळ्यांतल्या माणसांच्या शरीरात एक छोटं उपकरण बसवलेलं असतं, आणि त्यावरून शत्रूच्या यंत्रणेला त्यांचा ठावठिकाणा कळतो. ते अंगात असेल तर ईशाराला अलायन्सच्या हद्दीत गुपचूप शिरता येणार नाही. म्हणून यानावरची डॉक्टर शस्त्रक्रिया करून ते काढते. टोळीची खूण तिने अंगातून काढून टाकू दिली, म्हणजे ती आता आपली झाली, असं पाहणाऱ्यालाही वाटतं. हे दृश्य फार कसबाने रचलं आहे. आता दोन प्रश्न विचारा. निष्ठावान ईशारा शस्त्रक्रियेला तयार होईल याची शक्यता ९० टक्के धरू. आणि अलायन्सच्या तळात घुसून घातपात करायचा बेत असलेली ईशारा? तिला तर ते उपकरण काढून हवंच आहे, म्हणून तिथेही ९० टक्केच धरू. म्हणजे पुरावा म्हणून या कृतीचं वजन शून्य. आधी ५० टक्के विश्वास असेल तर नंतरही ५० टक्केच राहायला हवा. पण पाहणाऱ्यांच्या मनात तो भराभर चढतो, कारण कृती मोठी आहे, शरीराशी निगडित आहे, हृद्य आहे.

याआधीच्या एका मोहिमेत ती शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढून घेते आणि जखमी होते. तो पुरावा थोडा खरा आहे. निष्ठावान माणूस असा धोका पत्करेल याची शक्यता ६० टक्के आणि यानाची मर्जी मिळवू पाहणारा कपटी माणूस पत्करेल याची ३० टक्के धरली, तर विश्वास ५० वरून ६७ टक्क्यांवर जातो. दोनतृतीयांश, त्याहून जास्त नाही. अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये आणि जीवशास्त्रज्ञ अमोट्झ झहावी यांनी १९७५ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकच गोष्ट मांडली होती: जी खूण खऱ्याला परवडते आणि खोट्याला परवडत नाही, तीच खूण काही सांगते. ईशाराचं हित आणि यानाचं हित एकमेकांविरुद्ध जाईल आणि तिला त्यातलं एक निवडावं लागेल, असा प्रसंग शेवटच्या मोहिमेपर्यंत एकदाही आलेला नाही. जोवर तो येत नाही, तोवर तिच्या निष्ठेबद्दल कुणालाच फारसं काही कळलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट हिशोबात धरायला हवी. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकाच्या प्रोग्रामांच्या स्पर्धा घेतल्या. त्यात दोन खेळाडूंनी पुन्हापुन्हा सहकार्य किंवा दगा यांतून एक निवडायचं असे. अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला ‘जशास तसे’ हा साधा प्रोग्राम जिंकला. पण सहकार्य टिकतं ते पुढे अजून डाव आहेत या जाणिवेवर. शेवटचा डाव कोणता हे ज्याला माहीत आहे, त्याला त्या डावात दगा देऊन गमवायचं काहीच नसतं. डेटा समजत होता की खेळ लांब चालणार, कारण ईशारा आपल्याला यानाच्या दलात, म्हणजे स्टारफ्लीटमध्ये, यायचं आहे असं सुचवत होती. तिला मात्र शेवटचा डाव पक्का ठाऊक होता.

तो डाव अलायन्सच्या जमिनीखालच्या जनित्रापाशी येतो. अभियंते सुटत असताना ईशारा तिथून निसटते. अलायन्सची संरक्षणयंत्रणा बंद पाडून आपल्या टोळीला हल्ल्याची वाट मोकळी करून द्यायची, हा तिचा पहिल्यापासूनचा बेत होता. डेटा तिला गाठतो आणि ती त्याच्यावर शस्त्र रोखते. इथे अँड्रॉइडची रचना कामाला येते. लळा आहे, अपेक्षाही आहेत, पण काय करायचं हे त्यावरून ठरत नाही. समोर आलेला पुरावा निःसंदिग्ध आहे, त्याचं वजन तो तत्क्षणी मान्य करतो आणि तिला थांबवण्याच्या बाजूने उभा राहतो. मनाची समजूत घालत, वेगळा अर्थ शोधत माणूस अशा वेळी किती घुटमळतो हे पाहिलं, की मला डेटाचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

बेत फसतो, ईशारा परत पाठवली जाते. मग डेटा रायकर या वरिष्ठ अधिकाऱ्याला सांगतो, की आपले विचार पुन्हापुन्हा तिच्याकडेच वळताहेत, स्मृतीत काहीतरी फेरा धरून फिरत राहिल्यासारखं. हेही शिकण्याच्या स्वभावाला धरूनच आहे. शिकलेली अपेक्षा ती फोल ठरल्यावर पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं एवढंच. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं होतं. खुणेनंतर अन्न देणं बंद केलं की लाळ हळूहळू थांबे, पण काही काळ जाऊ दिला की खुणेबरोबर ती पुन्हा येई. ८.९ ही अपेक्षा दोन-चार उणे नोंदींनी शून्यावर येत नाही, आणि दर वेळी आठवण निघाली की चूक पुन्हा मोजली जाते.

खऱ्या यंत्रांमध्ये हे कुठवर आलं आहे? सिंथिया ब्रीझील यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत किस्मेट नावाचा यंत्रमानवी चेहरा बनवला. त्याला माणसाच्या सहवासाची ‘गरज’ आकड्यात दिलेली होती. बराच वेळ कुणी समोर आलं नाही की ती वाढे आणि चेहरा उदास दिसे. पण त्याला माणूस हवा असे, अमुकच माणूस नव्हे. लळ्याला एक नाव लागतं, आणि विश्वासाला त्या नावापुढे लिहिलेला इतिहास.

भागाच्या शेवटी रायकर डेटाला समजावतो की विश्वास ठेवला की दग्याचा धोका येतोच, आणि विश्वास नसेल तर जवळीकही नाही. त्यावर डेटा म्हणतो की भावनिक परिणामांपासून आपण वाचलो हे कदाचित आपलं नशीब. रायकरही त्याला फक्त ‘कदाचित’ एवढंच उत्तर देतो. डेटाचं हे म्हणणं मला चूक वाटतं. याच भागात त्याने स्वतः मैत्रीची जी व्याख्या केली, तिच्यात उणीव भासणं हा तिसरा टप्पा आहे, आणि तो टप्पा त्याने पूर्ण गाठलेला आहे. तो वाचलेला नाही.