पंप बंद झाल्यावर

जागतिक जलदिन आला की कोळसा कंपन्यांची प्रसिद्धीपत्रके येतात. खाणीतून उपसलेले पाणी किती गावांना आणि किती शेतांना दिले, याचे आकडे त्यांत असतात. आमच्या विदर्भात तर हे पाणी बाटलीतही गेले: नागपूरजवळच्या पाटणसावंगीच्या खाणीचे, ‘कोल नीर’ या नावाने. ऊन चढायला लागलेले असताना अशा बातमीला कोण नावे ठेवील? मीही ठेवत नाही. पण कौतुक ज्या शुद्धीकरणाचे चालते ते फारसे अवघड नाही, आणि जे खरोखर अवघड आहे त्याबद्दल पत्रके गप्प असतात.

भूमिगत खाणीत पाणी झिरपतच असते. ते सखल जागी, सम्पमध्ये गोळा करून पंपाने वर चढवावे लागते. जुन्या, सोडून दिलेल्या कामांत ते साचू दिले की काय होते, हे १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत दिसले. साचलेले पाणी फुटून आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. म्हणजे उपसा हा मुळात जीव वाचवण्यासाठी असतो, लोककल्याण मागाहून येते.

वर आलेल्या पाण्यातली कोळशाची भुकटी संथ टाकीत खाली बसते, तुरटी टाकली की लवकर बसते. मग वाळूची गाळणी आणि क्लोरीन. धूळ दाबायला किंवा वीजकेंद्राला एवढे पुष्कळ झाले. पिण्यासाठी मात्र विरघळलेले क्षार आडवे येतात आणि ते तुरटीला दाद देत नाहीत. तिथे आरओ लागतो. आरओमधून गोड्या पाण्याबरोबर आणखी खारट झालेले पाणीही निघते. ते कोणत्या नाल्यात सोडतात, हे मला अजून एकाही पत्रकात वाचायला मिळालेले नाही.

नशीब एवढेच की आपल्या गोंडवाना कोळशात गंधक कमी, बहुधा एक टक्क्याच्या आत. कोळशातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागले की त्यातून लोह सुटते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होते. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक भरपूर, त्यामुळे तिथल्या कित्येक ओढ्यांत मासा उरला नाही.

या विषयात मला सर्वांत खमका वाटलेला माणूस म्हणजे पॉल यंगर, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातला भूजलतज्ज्ञ. तो २०१८ मध्ये गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डरहम परगण्यातल्या शेवटच्या खाणी बंद होत होत्या आणि पंपही बंद करण्याचे घाटत होते. यंगरने हिशेब मांडून बजावले, की पाणी चढेल आणि लोह घेऊन नदीत उतरेल. पंप चालू राहिले. त्याचे म्हणणे समजायला सोपे होते. खाण कोरडी असेपर्यंत भिंतींवरच्या पायराइटला हवा लागत राहते आणि तयार झालेले क्षार तिथेच चिकटून राहतात. पाणी चढले की ते सगळे एकदम विरघळतात. त्यामुळे बाहेर पडणारे पहिले पाणी सर्वांत वाईट. पाणी चढायला जेवढा काळ लागतो त्याच्या साधारण चौपट काळ हा पहिला लोंढा ओसरायला लागतो, असा त्याचा आडाखा होता. दहा वर्षांत भरलेली खाण म्हणजे चाळीस वर्षांचे दुखणे!

ब्रिटनमध्ये आज खाणींच्या पाण्यासाठी ऐंशीहून अधिक शुद्धीकरण केंद्रे सरकारी संस्था चालवते. अनेक ठिकाणी पाणी पायऱ्यांवरून खळाळत उतरवतात, हवा लागून लोहाचा नारिंगी गाळ होतो, तो तळ्यात बसतो आणि उरलेला बोरूच्या बनात अडकतो. जर्मनीच्या रूर खोऱ्यातली शेवटची खाण २०१८ मध्ये बंद झाली, पण तिथले पंप कायमचे चालवावे लागणार आहेत. त्या खर्चासाठी २००७ मध्येच एक प्रतिष्ठान उभे केले गेले.

आपल्याकडे आम्लाची भीती कमी, म्हणून विषय संपत नाही. खाणीचा पंप चालतो तेव्हा आजूबाजूची भूजलपातळी खाणीकडे ओढली जाते आणि जवळच्या विहिरी खोल जातात. मग त्याच गावाला कंपनीची पाइपलाइन येते. विहिरीचे पाणी खाणीमार्गे फिरून नळाने परत येते, आणि फित कापली जाते ती सामाजिक दायित्वाची. कोळसा संपला की वीजबिल कोण भरणार? २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खाते सक्तीचे आहे. त्या आराखड्यात पंप किती वर्षे चालणार, कोणाच्या पैशाने चालणार आणि बंद केल्यावर पाणी कुठून बाहेर पडेल, हे स्पष्ट लिहिलेले असायला हवे.

सावनेर, वणी, बल्लारपूर भागातल्या ग्रामपंचायतींनी एक काम मात्र आजच करावे. विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, सल्फेट, लोह, फ्लोराइड आणि एकूण क्षार, आणि अहवाल तारखेसह दप्तरी ठेवावा. उद्या पाणी बिघडले तर आधी ते कसे होते, याचा पुरावा कंपनी देणार नाही.