आज्ञावलीचे भाषांतर

नेवासे येथे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत गीतेचे सातशे श्लोक सुमारे नऊ हजार ओव्यांत विस्तारले आणि त्या विस्तारातच ग्रंथाचे थोरपण सामावले आहे. परंतु संगणकाची आज्ञावली, म्हणजे यंत्राने क्रमाने करावयाच्या कामांची लेखी मांडणी, एका भाषेतून दुसरीत नेणाऱ्याला अशी मोकळीक मुळीच नसते. तीच माहिती दिली असता मूळ आज्ञावली जे उत्तर देई, तेच नव्या आज्ञावलीने दिले पाहिजे, मग तिची मांडणी कितीही बदललेली असो.

ही अट किती कठीण आहे, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या ओळखीच्या ऊसबिलावरून ध्यानात येते. समजा, बिल ४१,२५० रुपये ५० पैसे झाले आणि ते पूर्ण रुपयांत करावयाचे आहे. व्यापारी हिशेबांसाठी घडवलेल्या कोबॉल या जुन्या भाषेतील नेहमीची आज्ञा अर्धा रुपया वर धरून ४१,२५१ हा आकडा देते. आजच्या पायथन भाषेतील ‘राउंड’ ही त्याच अर्थाची वाटणारी आज्ञा मात्र नेमक्या मध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेते, त्यामुळे उत्तर ४१,२५० येते. बिल ४१,२५१ रुपये ५० पैशांचे असते, तर दोन्हींचे उत्तर ४१,२५२ हेच आले असते, आणि म्हणूनच दोन-चार बिले ताडून समाधान मानणाऱ्याच्या नजरेतून हा फरक निसटतो. दोन्ही नियम आपापल्या जागी शुद्ध आहेत. चूक आहे ती शब्द सारखा म्हणून अर्थही सारखा, असे मानण्यात.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. १९७४ च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने बरोज या अमेरिकन कंपनीसाठी रुग्णालयाच्या कामकाजाची आज्ञावली त्या कंपनीच्या एका जातीच्या संगणकावरील कोबॉलमधून दुसऱ्या जातीच्या संगणकावरील कोबॉलमध्ये नेली, आणि तेही मुंबईत, आयसीएल या निराळ्याच कंपनीच्या संगणकावर. भाषा एकच असूनही तिच्या दोन बोलींसाठी एवढा खटाटोप करावा लागला, यावरून या कामाचे स्वरूप कळते.

आता भाषांतराचा मोठा भाग यंत्रेच करून देतात. तरीही जुनी आज्ञावली बंद करण्यापूर्वी मागील संपूर्ण गळीत हंगामाची बिले दोन्हींतून काढून पैशापैशाने ताडावीत, आणि जेथे फरक पडेल तेथे हिशेबनिसाला मूळ नियम विचारावा. तोवर भाषांतर पुरे झाले, असे कोणीही मानू नये.