साखरेची वाट अडवून पाहताना

पानात तयार झालेली साखर मुळांपर्यंत, कंदांपर्यंत, दाण्यांपर्यंत पोहोचते कशी? याचे उत्तर मिळाले ते मुख्यतः तिची वाट अडवणाऱ्या रसायनांमुळे.

रसवाहिन्यांतला प्रवाह दाबाच्या फरकाने चालतो, असे जर्मनीच्या एर्न्स्ट म्यूंश यांनी १९३० साली मांडले. पण असा दाब यायचा तर रसवाहिनीत साखर ठासून भरायला हवी. ती पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म छिद्रांतून आतल्या आत जाते, की एकदा पेशीबाहेर पडून पटल ओलांडत पुन्हा आत शिरते?

१९७६ साली रॉबर्ट जियाक्विंटा यांनी शुगरबीटच्या पानावर पीसीएमबीएस हे पारायुक्त संयुग वापरले. ते पटलाच्या बाहेरच्या बाजूला असलेल्या प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना चिकटते, पण पेशीत सहजी शिरत नाही. त्यामुळे पानातले प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन चालूच राहिले. रसवाहिन्यांत साखर भरणे मात्र मंदावले. पारा सोडवून घेणारे रसायन दिल्यावर ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे साखर बाहेरूनच आत येत होती आणि दारावर एक प्रथिन होते.

ते प्रथिन प्रोटॉनच्या ओढीवर साखर आत घेते. म्हणून पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनचा फरक मोडणारे सीसीसीपी हे रसायन दिले, की साखरही थांबते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळे काढलेले फ्लोरिझिनही ही वाहतूक रोखते. हेच द्रव्य प्राण्यांच्या मूत्रपिंडातले ग्लुकोजचे वाहक अडवते. मधुमेहावरची आजची ग्लिफ्लोझिन औषधे त्याच्याच रचनेवरून घडली.

१९९२ साली बर्लिनमधल्या रीस्मायर, विल्मिट्झर आणि फ्रॉमर यांनी पालकातील साखरवाहक प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालून ओळखले. यीस्टमध्येही त्या वाहकाला पीसीएमबीएसने रोखले. जियाक्विंटांच्या निष्कर्षाला जनुकाचा भक्कम पुरावा मिळाला.

तरी एका पिकाचे उत्तर सगळ्या वनस्पतींना लावता येत नाही. आपण कुंडीत रंगीत पानांसाठी लावतो त्या कोलियसमध्ये पीसीएमबीएसने साखर अडत नाही, असे टर्जन आणि गोवन यांनी १९९० साली दाखवले. तिथे साखर पेशींमधल्या छिद्रांतूनच जाते.

या ज्ञानाचा शेतीला थेट उपयोग आहे. साखर पेशीबाहेर सोडणारी ‘स्वीट’ कुळातली प्रथिने २०१० साली उजेडात आली. भातावर कडा करपा आणणारा झॅन्थोमोनास हा जिवाणू भाताच्याच पेशीतली ही जनुके चालू करतो. तिथे बाहेर पडणारी साखर त्याच्या वाढीला लागते. जिवाणू जनुकांच्या ज्या भागाला धरतो, तोच भाग २०१९ साली संशोधकांनी आयआर-६४सारख्या वाणांत जनुक-संपादनाने बदलला आणि जिवाणूला साखरेची वाट बंद केली. त्या रोपांनी या जिवाणूच्या अनेक प्रकारांना दाद दिली नाही.

पारायुक्त विष शेतात कधीच फवारता येणार नाही, येऊही नये. पण साखर कुठे अडवता येते हे त्यानेच दाखवले. म्हणून वनस्पतिशास्त्राच्या मूलभूत प्रयोगांना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून पैसा नाकारू नये. उपयोग कळायला कधी कधी चाळीस वर्षे जातात.