हुशार उमेदवार कन्सल्टिंगच्या मुलाखतीत नाकारले का जातात?

गेल्या दोन व्याख्यानांत आपण निर्णयशक्ती म्हणजे काय याचा विचार केला. आज तीच कल्पना अगदी व्यवहारातल्या एका जागी नेऊन बघायची आहे. व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांच्या, म्हणजे ज्याला सगळे सरसकट 'कन्सल्टिंग' म्हणतात त्या नोकरीच्या मुलाखती. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं काहींना वाटेल. काम आहे. निवृत्तीनंतर आमच्याकडे तर्कशास्त्राच्या निमित्ताने जी मुलं येतात त्यांतली बरीचशी हल्ली या मुलाखतींची तयारी करणारी असतात. इंजिनिअरिंग झालेलं, एमबीए चालू, गुण उत्तम, बोलण्यात चटपटीत. नकार आला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "सर, उत्तर तर बरोबर होतं. मग?" या 'मग'चं काय करायचं, तो आजचा विषय.

आधी पद्धत समजून घेऊ. मॅकिन्झी ही फर्म 1926 साली शिकागोत सुरू झाली. जेम्स मॅकिन्झी हे तिथल्या विद्यापीठात हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963 चा, बेन 1973 ची. या तिन्ही ठिकाणी आणि त्यांच्यासारख्या इतर फर्ममध्ये मुलाखतीचा गाभा एकच, तो म्हणजे 'केस'. अर्ध्या-पाऊण तासाची बैठक. त्यात थोडा वेळ तुमच्याविषयी, आणि उरलेला वेळ एखाद्या धंद्याची अडचण तुमच्यापुढे टाकून 'बोला' म्हणायचं. अशा दोन-तीन फेऱ्या, दर वेळी नवा माणूस. प्रत्येक जण आपलं मत स्वतंत्रपणे नोंदवतो आणि मग सगळे एकत्र बसून ठरवतात. आपल्याकडच्या आयआयएम आणि आयआयटीमध्ये या तयारीचा एक संसारच उभा आहे. कन्सल्टिंग क्लब असतात, त्यांची केसबुकं असतात, शॉर्टलिस्ट झालेल्या मुलाला फर्मकडून 'बडी' मिळतो. पन्नास-पन्नास केस सोडवून मुलं आत जातात. तरी हुशार मूल बाहेर पडतं. का?

एक उदाहरण घेऊ. आम्ही रचलेलं आहे, पण जातकुळी खरी. एक दुधाची कंपनी आहे. विक्री वाढली, नफा घटला, का ते शोधा. तयारीचा मुलगा एक मिनिट मागून घेतो आणि कागदावर झाड काढतो. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे भाव गुणिले नग. खर्च दोन प्रकारचा, स्थिर आणि बदलता. सुंदर. एकही फांदी सुटलेली नाही, एकही दुसरीत घुसलेली नाही. मुलाखतकार म्हणतो, "छान. भाव कुठल्याच वस्तूचे बदललेले नाहीत. एका नगामागचा खर्चही तोच आहे. स्थिर खर्चही तोच." आणि मुलगा काय करतो? "बरं, मग आता मी स्पर्धकांकडे बघतो," म्हणतो. स्पर्धक ही त्याच्या यादीतली पुढची ओळ होती ना!

इथे थांबा. भाव तोच, नगामागचा खर्च तोच, विक्री वाढलेली, तरी नफा कमी. हे कोडं आहे, आणि त्या तीन वाक्यांनी ते जवळजवळ उघडलेलं आहे. एकच वस्तू विकली असती तर हे घडणंच शक्य नव्हतं. म्हणजे वस्तू एकाहून जास्त आहेत आणि त्यांचं आपसातलं प्रमाण बदललंय. आता आकडे घाला. पिशवीतलं दूध 60 रुपये लिटर, लिटरमागे 2 रुपये सुटतात. श्रीखंड 300 रुपये किलो, किलोमागे 40 सुटतात. गेल्या वर्षी 10 लाख लिटर दूध आणि 50 हजार किलो श्रीखंड विकलं. विक्री साडेसात कोटींची, सुटले 20 आणि 20 मिळून 40 लाख. यंदा दूध 13 लाख लिटर, श्रीखंड 30 हजार किलो. विक्री 8 कोटी 70 लाख, म्हणजे 16 टक्के वाढ. आणि सुटले किती? 26 आणि 12, म्हणजे 38 लाख. झालं! खरा प्रश्न आता सापडला: श्रीखंड का खपेनासं झालं? दुधाचे ट्रक वाढवायच्या नादात थंड कपाटातली जागा दुधाने खाल्ली का? विक्रेत्यांचं बक्षीस लिटरवर ठरवलं होतं का?

ज्या मुलाने हे ओळखलं नाही तो मठ्ठ होता का? मुळीच नाही. हे सगळं गणित त्याने दोन मिनिटांत केलं असतं. त्याने ऐकलं नाही, एवढंच. त्याचं डोकं यादीत होतं.

त्या झाडाच्या मागचा नियम कन्सल्टिंगमध्ये 'मीसी' या नावाने ओळखला जातो. विभाग एकमेकांत शिरू नयेत, आणि सगळे मिळून काही बाहेर राहू नये. मॅकिन्झीत काम केलेल्या आणि 'पिरॅमिड प्रिन्सिपल' हे पुस्तक लिहिणाऱ्या बार्बरा मिंटो यांचं नाव त्याला जोडलं जातं. तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही हेच 'तार्किक विभाजनाचे नियम' म्हणून वर्षानुवर्षं शिकवलं, तेव्हा त्याला कुणी लाखांचा पगार देत नव्हतं, ते असो. पण तिसरा एक नियम असतो, तो मुलं विसरतात: विभाजनाला एक आधार हवा, आणि तो हेतूप्रमाणे निवडायचा. माणसांचं विभाजन उंचीनेही होतं आणि रक्तगटानेही, दोन्ही बिनचूक. रक्तपेढीत उंचीने केलंत तर चूक कुठे दाखवणार? नियमांत ती सापडणारच नाही.

कांटने 1781 साली 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मध्ये हे फार नेमकं मांडलंय. नियम कुठे लावायचा हे सांगायला आणखी एक नियम दिला, तर तो तरी कुठे लावायचा? ही साखळी संपत नाही. म्हणून निर्णयशक्ती पाठ करून येत नाही, सरावाने येते. आणि पुष्कळ नियम माहीत असलेला विद्वानही ते लावताना घसरू शकतो. हुशार उमेदवार पडतो त्याचं सर्वांत मोठं कारण आम्हाला हे दिसतं. शाळेपासून ज्या परीक्षांत तो पहिला आला, त्यांत प्रश्न ओळखीचा असतो आणि कुठला नियम लावायचा हे प्रकरणाच्या नावातच छापलेलं असतं. इथे प्रकरणाचं नाव कुणी सांगत नाही.

अंदाजाच्या प्रश्नांतही तेच. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, हा एन्रिको फर्मीच्या नावावरचा जुना प्रश्न. आपल्याकडे मुंबईत रोज वडापाव किती खपतात असा विचारतील. मुलगा भराभर गुणाकार करतो, कुठेतरी एक शून्य जास्त पडतं आणि शांतपणे म्हणतो, "वीस कोटी." 2011 च्या जनगणनेत मुंबई होती सुमारे 1 कोटी 24 लाखांची. म्हणजे माणशी सोळा वडापाव, तान्ह्या बाळासकट! शून्य चुकणं हा गुन्हा नाही, मुलाखतकाराला ते पुरतं कळतं. आपण काय बोललो याच्याकडे वळून न बघणं, हे मात्र त्याला खटकतं. उद्या हाच आकडा कारखानदारापुढे जायचा असतो.

आता वेगळ्या प्रकारचा हुशार उमेदवार बघा. वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेला. याचं विश्लेषण चांगलं असतं, अडतं ते समोरचा "मला नाही पटत" म्हणतो तेव्हा. इथे आपल्या न्यायदर्शनाइतकी चांगली भाषा आम्हाला दुसरीकडे सापडलेली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य कळावं म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत बसणं ही वितंडा. मराठीत आपण 'वाद' शब्दाची पार भांडणाशी गाठ घालून टाकली, मूळ अर्थ किती चांगला होता बघा. केसची मुलाखत हा वाद आहे. ढालीवाला मुलगा तिथे जल्प करतो. मुलाखतकाराचा आक्षेप त्याला हल्ला वाटतो. बहुधा ती मदत असते, वाट चुकलेल्याला दिलेला हात.

न्यायसूत्रांत पुढे बावीस निग्रहस्थानं सांगितली आहेत, म्हणजे चर्चेत माणूस हरला असं जिथे मानायचं त्या जागा. त्यांतल्या तीनच सांगतो. स्वतः मांडलेलं म्हणणं हातचं सोडून देणं, ही प्रतिज्ञाहानी: "नाही पटत" म्हटल्याबरोबर "हो सर, बरोबर, तुमचंच खरं" म्हणणारी मुलं यात येतात, आणि सभ्य घरातली पोरं यात फार सापडतात. मूळ मुद्द्याशी संबंध नसलेलं बोलत सुटणं, हे अर्थांतर. आणि तिसरं अननुभाषण: तीनदा सांगूनही समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत मांडता न येणं. केसच्या सुरुवातीला प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगा असं प्रत्येक केसबुक सांगतं. मुलं तो उपचार म्हणून उरकतात. तो उपचार नाही. प्रश्न 'नफा का घटला' असा आहे की 'नफा कसा वाढेल', इथेच निम्मी माणसं घसरतात.

पीएचडी झालेले उमेदवारही या फर्म घेतात. त्यांची अडचण निराळी, आणि ते आमच्याच पंथाचे असल्यामुळे जरा जिव्हाळ्याने सांगतो. सगळे पुरावे मांडून झाल्याशिवाय निष्कर्ष उच्चारणं त्यांना असभ्य वाटतं. इथे रीत उलटी आहे: निष्कर्ष आधी, कारणं मागून. अध्यक्षांकडे दोन मिनिटं आहेत, काय करायचं ते सांगा. विद्वान म्हणतो, "ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे." खरंच असतं ते. पण सध्या काय वाटतं, आणि काय कळलं तर मत बदलेल, एवढं सांगता आलं पाहिजे. यात सत्याशी तडजोड नाही.

आतापर्यंत उमेदवाराच्या बाजूने बोललो. दुसरी बाजू अशी की नकारातून किती अनुमान काढायचं याला मर्यादा आहे. समजा, शंभर जणांना बोलावलं, जागा दहा, आणि खरोखर लायक पंचवीस. फर्मने एकही चूक केली नाही तरी पंधरा लायक मुलं घरी जाणार. शिवाय फर्म एका बाजूला मुद्दाम झुकलेली असते. नालायक माणूस आत आला तर महिन्यांचं नुकसान आणि ग्राहकापुढे शोभा. लायक माणूस बाहेर राहिला तर तिला ते कळतसुद्धा नाही, कारण दारात दुसरा लायक उभाच असतो. म्हणून शंका आली की नकार. 'निवडलेले लायक असतात' हे मान्य केलं तरी 'न निवडलेले नालायक' हे त्यातून निघत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या सत्रातला दोष आहे हा. पण घरात आई-वडील, आणि रात्री एकटा असताना तो मुलगा, नेमकं हेच अनुमान काढत बसतो.

आणि सगळं तर्काचंच असतं असंही नाही. लॉरेन रिव्हेरा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या बड्या कन्सल्टिंग, बँकिंग आणि वकिली फर्ममधल्या निवड करणाऱ्या 120 जणांच्या मुलाखती घेऊन 2012 साली लेख प्रसिद्ध केला. त्यांना दिसलं ते असं की छंद, अनुभव, बोलण्याची ढब आपल्यासारखी असलेला उमेदवार मुलाखतकारांना आवडतो, आणि हे आवडणं निवडीत पुष्कळ वजन खातं. तो अभ्यास अमेरिकेचा. आपल्याकडे त्याचं रूप कसं असेल, ते सांगलीहून पुण्यात आणि तिथून मुंबईतल्या काचेच्या इमारतीत गेलेल्या मुलाला विचारा. आमचं मत असं की केसचा भाग त्यातल्या त्यात न्याय्य आहे. 'तुमच्याविषयी सांगा' या भागात घर, शाळा आणि इंग्रजीची ढब यांचं पारडं जड होतं. त्यावर उमेदवाराच्या हातात थोडंच आहे, पण शून्य नाही. आजोबांच्या किराणा दुकानात उधारीची वही सांभाळली असेल तर ते सांगा. मुलं ते लपवतात आणि कॉलेजच्या महोत्सवाचं प्रायोजकत्व सांगतात, जे आधीच्या चौघांनीही सांगितलेलं असतं.

(श्रोत्यांतून प्रश्न: नकारानंतर फोनवर 'स्ट्रक्चर कमी पडलं' असं सांगतात. ते खरं मानायचं का?)

निम्मं. निर्णय आधी होतो आणि कारण नंतर शब्दांत बसवलं जातं, हे माणसाच्या बहुतेक निर्णयांत होतं. त्यापेक्षा त्याच दिवशी बसून, मुलाखतकार कुठल्या क्षणी दुसऱ्यांदा तीच गोष्ट बोलला, ते आठवून लिहून काढा. जिथे त्याला पुन्हा सांगावं लागलं तिथे तुम्ही ऐकलं नव्हतं.

(प्रश्न: मग पन्नास केस सोडवायच्या की नाही?)

वीस सोडवा, पण अशा माणसाबरोबर जो मधेच अडवेल, चुकीचा आक्षेप घेईल, अर्धीच माहिती देईल. एकमेकांना शाबासकी देणाऱ्या मित्रांबरोबरच्या पन्नासांनी यादी तेवढी घट्ट होते. बऱ्याच फर्म वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करू देतात, तेव्हा घाई नाही. आणि खुर्ची शक्यतो टेबलाच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून घ्या. मुलाखतकार होऊन दहा केस घेतल्यात तर समोरचा कधी ऐकत नाही ते तुम्हाला दिसायला लागेल.