पाण्याचा वास आणि माझा साखरपुडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी भाग. बोललो तसाच ठेवलाय.

मागच्या महिन्यात माझा साखरपुडा झाला. त्यासाठी मी परफ्यूम ऑइलची सहा मिलीची एक बाटली घेतली. दुकानदार म्हणाला, "साहेब, समुद्र आणि जंगल एकत्र आहे." कागदाच्या पट्टीवर वास घेतला. लिंबू, कलिंगडाची साल, पाऊस पडून गेल्यावरची हवा. लगेच पैसे दिले.

त्या दिवशी सकाळी मांजरीच्या घरातून निघताना मनगटाला आणि मानेला लावलं. अर्ध्या तासात वास येईनासा झाला, म्हणून गाडीत परत लावलं. हॉलच्या दारात तिसऱ्यांदा. होणारी बायको शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाटलीत पडला होतास का?" तिचं डोकं खरंच दुखायला लागलं होतं. अर्ध्या फोटोंत तिच्या नाकाला रुमाल आहे आणि ते फोटो आता दोन्ही घरच्या ग्रुपवर कायमचे आहेत.

म्हणजे वास उडाला नव्हता, माझं नाक थकलं होतं. एकच वास सतत येत राहिला की तो आपल्याला जाणवेनासा होतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्यांना येतो, तसंच. त्यात तेलामध्ये अल्कोहोल नसतं. स्प्रे मारला की अल्कोहोल भसकन उडतं आणि सोबत वासही खोलीभर पसरवतं. तेल तसं करत नाही, ते अंगाशी बसून हळूहळू सुटतं. आपल्याला वाटतं कमी पडलं. शेजारचा मात्र सगळं भोगत असतो.

पण 'समुद्राचा वास' बाटलीत येतो कुठून? पाण्याला तर वासच नसतो. ही गंमत मला नंतर वाचताना कळली. १९६६ साली फायझर कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांना एक रेणू सापडला, त्याचं नाव कॅलोन. त्याला कलिंगडासारखा, खाऱ्या वाऱ्यासारखा वास येतो. पुढे १९९०च्या दशकात असल्या 'पाणीदार' परफ्यूमची लाटच आली. १९९६ चं 'अ‍ॅक्वा दी जिओ' त्यातलंच. म्हणजे आपण ज्याला समुद्र म्हणतो तो कारखान्यात बनतो.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी मी सरळ टेस्टिंगला बसलो. डाव्या मनगटावर एकच थेंब, मोबाइलवर गजर, आणि मधल्या वेळात नाकाला सुट्टी म्हणून गॅलरीत फेऱ्या. पहिली दहा मिनिटं दुकानातलाच वास, लिंबू पुढे. लिंबाच्या सालीच्या तेलातला मुख्य रेणू, लिमोनिन, हलका असतो. रेणूभार फक्त १३६. तो आधी पळतो, आणि कागदापेक्षा गरम त्वचेवरून तर आणखी लवकर. अर्ध्या तासाने लिंबू गायब. कॅलोन चिवट आहे, ते तिथेच होतं, पण लिंबाशिवाय ते जरा विचित्रच वाटलं. कापून ठेवलेलं कलिंगड, थोडं साबणासारखं. हाच टप्पा सगळ्यात वाईट. दुकानात अर्धा तास थांबलो असतो तर मी ती बाटली घेतलीच नसती.

मग तासाभराने खालून लाकूड वर यायला लागलं आणि कलिंगडाचं ओलं लाकूड झालं. पाणी तेच, सोबत बदलली. लाकडी वासाचे रेणू जड असतात. चंदनातलं सँटॅलॉल घ्या किंवा वाळ्यातलं खुसिमॉल, दोन्हींचा रेणूभार २२०. ते सावकाश उडतात, म्हणून शेवटपर्यंत टिकतात. माझी त्वचा कोरडी आहे, म्हणून दुसऱ्या मनगटाला आधी साधं व्हॅसलीन लावून पाहिलं. तिथे वास जास्त टिकला.

तीन तासांनी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. आई पोळ्या करत होती. मागे न बघताच म्हणाली, "माठात वाळा कोणी टाकला रे? अजून उन्हाळा कुठे आलाय?"

मी मनगट हुंगलं. बरोबर होतं तिचं. लहानपणी गावी माठाच्या तळाशी वाळ्याची जुडी असायची, त्या पाण्याचा वास. मातकट, गार, मुळांचा. लाकूडही आणि पाणीही. तेलात खरा वाळा असेल की त्याची नक्कल, मला सांगता येणार नाही. त्या किमतीत नक्कलच असणार.

त्याच संध्याकाळी होणाऱ्या बायकोला भेटायला गेलो. नवीन काही लावलं नाही, सकाळचाच थेंब. तिने हात नाकाजवळ नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाली, "हे वेगळं आहे ना? त्या दिवशीचं नको लावत जाऊ."

बाटली तीच आहे हे मी अजून तिला सांगितलेलं नाही. आता एपिसोड ऐकला तर कळेलच.